नेटबंदीचा आदेश तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलाय का?

निशिगंधा_ठाणे

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. माझी मोठी बहीण अंबडजवळ राहते, जालना जिल्ह्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा जालना, बीड आणि संभाजीनगरला मोबाईल नेट बंद केलं होतं. नेमकी त्याच दिवशी आई इकडे ठाण्यात अ‍ॅडमिट. डिपॉझिटचे अर्धे पैसे ताई पाठवणार होती, ते काही येईनात, कारण तिकडे यूपीआयच चालेना. रिपोर्टचे फोटो मी पाठवतेय तर एकच टिक. फोन लागत होता म्हणून निदान आवाज तरी ऐकू आला, पण ताई फोनवर रडायलाच लागली, म्हणे तू काय वाचून दाखवतेस मला काही कळत नाही गं, डॉक्टरांना दाखवायचं होतं इथल्या.

आई आता बरी आहे, तो विषय नाही. विषय असा की ताईने दुकानदाराला विचारलं, नेट कोणी बंद केलं? तो म्हणाला वरून. गावातल्या एका सरकारी माणसाला विचारलं, तोही म्हणाला वरून. वर म्हणजे कुठे? कोणत्या साहेबाने सही केली, किती तासांसाठी, कोणत्या कारणासाठी, हे तिला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. पाणी बंद ठेवायचं तर पालिका आदल्या दिवशी पेपरात देते, कुठला वॉर्ड, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत.

तर प्रश्न सरळ आहे. नेटबंदीचा आदेश, म्हणजे सहीशिक्क्याचा कागद, तुमच्यापैकी कोणी कधी पाहिलाय का? आणि असा अधिकार सरकारला असावा का?

कट्टेकरी_दादर

नाही पाहिला. कधी बघायचं डोक्यातही आलं नाही, खरं सांगतो. वाचनखूण साठवली.

निवृत्त_खाकी

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मी पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली, तेव्हा दुसरी बाजू मला मांडलीच पाहिजे.

राईनपाडा आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण, मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. काय कारण? मोबाईलवर फिरणारी अफवा. त्या पाच जणांना बोलायचं स्वातंत्र्य नव्हतं का, जगायचं नव्हतं का? बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई बघतो की जमाव दहा मिनिटांत दुप्पट होतो, कारण प्रत्येकजण व्हिडिओ काढून पुढे ढकलतोय. तेव्हा साहेब म्हणतात नेट बंद करा. मी त्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. एक दिवस नेट नसल्याने त्रास होतो, मान्य. मेलेला माणूस परत येत नाही.

दोन_चाकं

काका, तुम्ही वयाने मोठे, पण "एक दिवस त्रास" हे शब्द बोचले. मी बदलापूरचा, घरपोच सामान पोचवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेच्या प्रकरणावरून लोकांनी ट्रेन अडवल्या आणि नंतर नेट बंद झालं ते आठवत असेल. नेट नाही तर ऑर्डर नाही, ऑर्डर नाही तर त्या दिवसाची कमाई शून्य, आणि बाईकचा हप्ता थांबत नाही. ज्यांचा पगार महिन्याला येतो त्यांना तो फक्त त्रास असतो.

पार्कची_माई

खाकी भाऊ, अफवेला नेट लागत नाही. जानेवारी ९३ मध्ये मी शिवाजी पार्कला होते, दोन लहान मुलं पदरात. तेव्हा कसलं नेट नि कसला मोबाईल. तरी एका रात्रीत सगळीकडे झालं, समुद्रातून हत्यारं घेऊन बोटी येताहेत. माणसं किनाऱ्यावर गाड्या लावून हेडलाइटचा उजेड समुद्रात टाकून बसली होती. एकही बोट आली नाही. आमच्या मजल्यावर एकाच घरी फोन होता, त्याच फोनवरून ही बातमी सगळ्या बिल्डिंगला गेली. खोटं आहे हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं, कारण खरं काय ते कळायला मार्गच नव्हता. आज नेट बंद करतात तेव्हा मला ती रात्र आठवते. अफवा तोंडातोंडी जातेच, फक्त ती खोडून काढणारा जो असतो ना, त्याचं तोंड बंद होतं.

निवृत्त_खाकी

माई, ९३ ला मीही रस्त्यावर होतो. बोटींचं आठवतंय. विचार करतो यावर.

स्पष्टवक्ता_पार्ले

मला वाटतं आपण फार भावनिक होतोय. शेजारी देश कसे आहेत बघा. देशाची सुरक्षा आधी, नंतर बाकी सगळं. चीनमध्ये तर अर्धं नेट कायमचंच बंद आहे, तिकडे असा धागा काढता आला असता का? आपण त्यांच्यापेक्षा शंभर पटीने बरे.

विद्यापीठ_कलिना

@स्पष्टवक्ता, तुलना करायचीच तर नीट करू. अ‍ॅक्सेस नाऊ नावाची संस्था दरवर्षी जगभरच्या नेटबंदीची मोजदाद करते. त्यांच्या २०२३ च्या यादीत भारतात ११६ वेळा, जगात पहिले. २०२४ मध्ये ८४, आणि आपल्या पुढे फक्त म्यानमार, ८५. म्यानमारमध्ये २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. आपण त्यांच्याहून एकने कमी. यात मला तरी समाधान वाटत नाही हो.

आणि आकडे परदेशी संस्थेकडून का घ्यावे लागतात तेही बघा. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला, त्यात स्पष्ट म्हटलंय की देशात किती वेळा नेट बंद केलं याची नोंदच केंद्राकडे ठेवली जात नाही. मग त्याने फायदा झाला की नाही हे ठरवणार कसं? राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद केलं होतं. कॉपी! देशाच्या सुरक्षेपासून कॉपीपर्यंत कसे आलो आपण?

अ‍ॅडव्होकेट_फोर्ट

उशिरा आलो, कोर्टात होतो. थोडं लांबेल, पण धाग्याचा मूळ प्रश्नच कायद्याचा आहे.

खाकी साहेब, तुमची भीती खरी आहे आणि सुप्रीम कोर्टानेही ती नाकारलेली नाही. १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल, काश्मीरमधल्या नेटबंदीवरचा. नेट कधीच बंद करू नका असं त्यात कुठेही नाही. नेटवरून बोलणं आणि नेटवरून धंदा करणं, दोन्ही घटनेच्या कलम १९ खाली येतात असं त्यात आहे (दोन_चाकं, तुमची कमाई त्यातच आली), म्हणून बंदी घालायची तर गरजेपुरती, बेमुदत नाही, आणि आदेश प्रसिद्ध करायचा. का प्रसिद्ध करायचा? तर ज्याला झळ बसली त्याला कोर्टात जाता यावं म्हणून. अहो, याचिकेला जोडायला कागद लागतो. आदेशच हातात नसेल तर आव्हान कशाला देणार, हवेला?

आता "वर म्हणजे कुठे" हा निशिगंधाताईंचा प्रश्न. २०१७ पर्यंत जमावबंदीच्या १४४ कलमाखाली जिल्ह्याच्या पातळीवरच सर्रास नेट बंद व्हायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली नियम केले. सही केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवाची. अगदीच अडलं तर सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची चालते, पण तिला चोवीस तासांत वरून मंजुरी हवी, नाहीतर आदेश संपला. मग आढावा समितीने कामाच्या पाच दिवसांत तो तपासायचा. २०२० मध्ये पंधरा दिवसांची कमाल मर्यादा घातली. आता टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम, त्यांतही आदेश कारणांसकट प्रसिद्ध करायचाच आहे.

माझी खरी हरकत आढावा समितीला आहे. राज्यात त्यात कोण? मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे एका सचिवाने केलेलं दुसऱ्या तिघा सचिवांनी तपासायचं. बाहेरचा एक माणूस नाही, न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा कोणी नाही.

कट्टेकरी_दादर

वकील साहेब, एवढं सोप्या भाषेत कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ताईच्या बहिणीच्या नेटवर सही मंत्रालयातून झाली असणार, गावातल्या माणसाला माहीत असायचं कारणच नाही.

सर्व्हररूम

मी पाहिलेत आदेश. 🙂

नेट पुरवणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं नोकरी केली, नाव घेत नाही. रात्री मेल यायची, स्कॅन केलेला कागद, कधी वाकडा, कधी शिक्का पुसट. नियमाप्रमाणे एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने तो पोचवायचा असतो आणि कंपनीतही ठरलेला माणूसच तो घेतो. त्यात तालुक्यांची नावं असतात. आता गंमत म्हणजे टॉवरला तालुका कळत नाही. हद्दीवरच्या टॉवरचा सिग्नल दोन्हीकडे जातो, मग आम्ही काय करायचो, चूक नको म्हणून शेजारचेही टॉवर बंद. आदेशात नसलेली गावंही अंधारात जायची. त्यांचा तर कुठल्याच कागदावर उल्लेख नाही.

आणि जे आजही मनाला लागतं ते सांगतो. कस्टमर केअरच्या पोरांना सांगितलेलं असायचं, विचारलं तर "तांत्रिक अडचण" म्हणा. लोक शिव्या द्यायचे त्या पोरांना. खरं कारण माहीत असून आम्ही खोटं बोलायचो, मी पण बोललोय.

वेबसाइट बंद करायचं प्रकरण अजून वेगळं. ते आयटी कायद्याच्या ६९अ कलमाखाली होतं आणि २००९ च्या नियमांतला १६ वा नियम म्हणतो की ते सगळं गुप्त ठेवायचं. म्हणजे साइट उघडत नाही हे दिसतं, का उघडत नाही ते कळायची सोय नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एकदम ३२ साइट बंद झाल्या होत्या, एटीएसच्या मागणीवरून, आदेश आपल्या मुंबईच्याच कोर्टाचा. त्यात गिटहब! जगभरचे प्रोग्रामर जिथे कोड ठेवतात ती जागा. विमिओ आणि जुन्या पुस्तकांचं इंटरनेट अर्काइव्ह पण. कुठल्या तरी पानावर दहशतवाद्यांचा मजकूर आहे म्हणून अख्खी साइट. एका खोलीत चोर आहे म्हणून अख्ख्या चाळीला कुलूप लावल्यासारखं झालं ते.

माझा_जुना_ब्लॉग

सर्व्हररूम, याच्या आधीचंही आठवतं मला. ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट. त्यानंतर आठवड्याच्या आतच माझा ब्लॉग उघडेना. दूरसंचार खात्याने मोजक्या पानांची यादी दिली होती म्हणे, कंपन्यांनी सरसकट ब्लॉगस्पॉटच बंद केलं. मी तर कविता लिहायचे तिथे. स्फोटानंतर मुंबईतले कितीतरी लोक ब्लॉगवरूनच कोण कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे ते शोधत होते आणि नेमकं तेच बंद.

आणि त्याच्याही आधी कारगिलच्या वेळी, १९९९, पाकिस्तानच्या डॉन पेपरची साइट व्हीएसएनएलने, म्हणजे तेव्हाच्या सरकारी नेट कंपनीने, बंद केली होती. तेव्हा नेट होतंच मूठभर लोकांकडे.

माझगाव_७५

मी जुना कंपोझिटर. नातवाने हा धागा वाचून दाखवला, मी सांगतोय आणि तो टाईप करतोय.

जून १९७५ ला आणीबाणी आली तेव्हा मी एका छापखान्यात खिळे जुळवत होतो. प्रूफं सेन्सॉरकडे जायची. परत यायची तेव्हा लाल रेघा. काही पेपरांनी त्या दिवसांत अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, वाचणाऱ्याला त्या कोऱ्या जागेवरूनच कळायचं काय झालंय ते. मला सांगायचंय ते हेच. कापलेलं दिसत होतं. लाल रेघ मारणारा माणूस आम्ही ओळखत होतो, तो दुपारी चहा प्यायला यायचा. तुमच्या या नेटच्या बंदीत कोरी जागा दिसत नाही, गोल गोल फिरत राहतं नुसतं आणि माणसाला वाटतं आपलाच फोन बिघडला.

त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, म्हणजे केंद्रातले मंत्रीच समोर, तरी बाई लेखनस्वातंत्र्यावर बोलायच्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांना अटक झाली. आम्ही छापखान्यात ती बातमी हळू आवाजात एकमेकांना सांगितली होती.

पार्कची_माई

आजोबा, नातवाला सांगा आणखी लिहून घे म्हणावं. वेगळा धागा काढा यावर, मी पहिली वाचायला येईन.

काश्मीरवारी

मी दादरहून सहली नेतो, वीस वर्षं. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात माझा बावीस जणांचा ग्रुप श्रीनगरात होता. २ ऑगस्टला सूचना आली, यात्रेकरू आणि पर्यटकांनी निघा. कसंबसं सगळ्यांना काढलं. ५ तारखेपासून तिकडचे फोन, नेट, सगळं बंद.

आमचा हाउसबोटवाला, मी त्याला भाऊच मानतो, त्याच्याशी बोलणं झालं थेट ऑक्टोबरच्या मध्यावर, पोस्टपेड फोन सुरू झाले तेव्हा. पहिलं वाक्य काय बोलला असेल? तुमचा ॲडव्हान्स परत करायचाय, कसा पाठवू? नेट तर नव्हतंच. जानेवारी २०२० मध्ये टूजी आलं आणि फोरजी यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष. मधे लॉकडाऊन झालं, इकडे माझी मुलं ऑनलाइन शाळेत, त्याची मुलगी बारावीला आणि टूजीवर व्हिडिओ उघडत नाही. त्याआधी लोक ट्रेनने बनिहालला जायचे, फक्त फॉर्म भरायला आणि मेल बघायला, कारण तिथे नेट होतं. कल्पना करा, कल्याणहून कसाऱ्याला जायचं, मेल वाचायला!

@स्पष्टवक्ता, सुरक्षेची काळजी मलाही आहे, माझी माणसं तिथे जातात. पण जिला दीड वर्ष अभ्यास करता आला नाही त्या मुलीपासून कोणाला धोका होता?

स्पष्टवक्ता_पार्ले

काश्मीरवारी, तुमचं वाचून थांबलो जरा. सीमेलगतच्या भागात वेगळा विचार करावा लागतो हे माझं मत अजून आहे. पण दीड वर्ष हे मलाही पटत नाही. पंधरा दिवसांची मर्यादा आहे म्हणता मग पंधराव्या दिवशी नवीन आदेश काढला की झालं?

अ‍ॅडव्होकेट_फोर्ट

अगदी बरोबर पकडलंत. तसंच होतं. मणिपूरमध्ये मे २०२३ ला बंद झालं आणि आदेशामागून आदेश निघत राहिले, ब्रॉडबँड अटी घालून सुरू व्हायला जुलैचा शेवट आला.

पालघर_लोकल

थोडं अवांतर. आमच्या पालघरचं नाव नोव्हेंबर २०१२ मध्ये देशभर झालं होतं. बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. त्यांच्यावर लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टात रद्द झालं २४ मार्च २०१५ ला, श्रेया सिंघल खटल्यात. पण तेव्हापासून माझी आई मला अजून सांगते, तू काही लाइक करू नकोस बाई. नेट चालू असून बंद असल्यासारखंच आहे हे.

विद्यापीठ_कलिना

+१. आणि चांगलं झालेलंही लिहायला हवं. केंद्राने २०२३ मध्ये नियम आणला होता की सरकारच्या कामाबद्दलची कुठली बातमी खोटी ते सरकारचाच फॅक्ट चेक विभाग ठरवणार. कुणाल कामरा आणि इतर मुंबई हायकोर्टात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं, मग तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य ठरवला. आपल्याच फोर्टमधल्या कोर्टात, जिथे टिळकांवर खटला चालला होता.

दोन_चाकं

हे सगळं वाचून बरं वाटतं पण कोर्टात जाणारे मोठे लोक. माझ्यासारख्याने काय करायचं? वकिलाची फी माझ्या महिन्याच्या कमाईएवढी.

अ‍ॅडव्होकेट_फोर्ट

माहिती अधिकार. दहा रुपये. महाराष्ट्रात कोर्ट फी स्टँप चिकटवला तरी चालतो, ऑनलाइनही करता येतं. अर्ज गृह विभागाला, मंत्रालय. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा २०१२ चा नियम आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ८ वं कलम दाखवून नाकारतील कदाचित, तेव्हा अपील करायचं आणि भसीन निकालाचा हवाला द्यायचा. जो आदेश कोर्टाच्या सांगण्यावरून प्रसिद्धच व्हायला हवा तो गुप्त कसा?

निवृत्त_खाकी

मी विचार करतो म्हणालो होतो. दोन दिवस केला. जुन्या डायऱ्याही काढल्या. माझ्या नोकरीत शेवटच्या काही वर्षांत तीनदा नेट बंद असताना बंदोबस्त केलाय. तीनही वेळा नोंद आहे "वरून आदेश, इंटरनेट बंद". कागद मीही पाहिलेला नाही. मी स्वतः लोकांना "वरून" म्हणून सांगितलंय.

राईनपाड्यासारखं होऊ नये म्हणून काही तास, ठराविक भागात बंद करावं लागेल असं मला आजही वाटतं. पण सही कोणाची ते लपवायचं कारण नाही. बंदोबस्ताची ड्यूटी आम्हाला नाव-बक्कल नंबरासकट लावतात, मग हुकूम बिननावाचा का? ताई, अर्ज लिहाल तर एक प्रश्न घाला: आदेश कंपन्यांना कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, किती वाजता पोचवला. आणि नेट सुरू करायला किती वाजता सांगितलं ते. सुरू करायचा निरोप बरेचदा उशिरा जातो.

सर्व्हररूम

काका, शेवटचं अगदी बरोबर. आम्ही वाट बघत बसायचो. आणखी एक घाला, कोणती गावं किंवा टॉवर. शेजारची गावं का गेली ते त्यातून निघेल.

निशिगंधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईशी फोनवर बसून लिहिला. आधी तीनशेच्या वर शब्द झाले, आईच्या ऑपरेशनचंच अर्धं पान होतं, ते सगळं काढावं लागलं. आता एवढंच राहिलंय: फेब्रुवारी २०२४ मध्ये अंबड तालुक्यात इंटरनेट बंद करण्याच्या आदेशाची प्रत, सही करणाऱ्याचं पद, लेखी कारणं, गावांची यादी, आदेश पोचवल्याची आणि सेवा सुरू करायला सांगितल्याची वेळ, आढावा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त.

अ‍ॅडव्होकेट_फोर्ट

छान. "कारणं" नको, "कारणे" लिहा. आणि ताईंच्या नावाने करा, त्यांचं नेट बंद होतं.

निशिगंधा_ठाणे

तिच्याच नावाने केलाय. आज सकाळी स्टँप लावून पोस्टात टाकला तिने, पावतीचा फोटो पाठवलाय. दोन निळ्या टिक आल्या.

दोन_चाकं

बदलापूरचा मी टाकतो. ताई, तुमचा मसुदा कॉपी करू ना? तारीख आणि गाव बदलून.